एलटीओ-८ टेप ड्राइव्ह: चार वर्षं, ६१ टीबी आणि एक न वापरलेला टेक

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला आमच्या पोस्ट सुपरवायझरचा फोन आला. "ताई, पहिल्या सीझनचा एक टेक हवाय. सहाव्या भागातला, आजी दार उघडते तो. वापरला तो नाही, त्याच्या आधीचा." तिसऱ्या सीझनमध्ये तो प्रसंग आठवणीत येतो आणि दिग्दर्शकाला आजीचा दुसरा चेहरा हवा होता, थोडा घाबरलेला. अंतिम एडिटमध्ये तो टेक नव्हता, म्हणजे मास्टरमध्येही नव्हता. शूटच्या डिस्क केव्हाच पुसून पुढच्या कामाला लागल्या होत्या. तो टेक शिल्लक असलाच तर एलटीओवर, म्हणजे डेटा जपून ठेवायच्या चुंबकीय टेपवर, आणि ती टेप लिहून चार वर्षं झाली होती.

कपाटातून सहा टेपांच्या संचातली तिसरी काढली, ड्राइव्हमध्ये सरकवली. ड्राइव्हने ती आत ओढून घेतली, मिनिट-दीड मिनिट गुरगुर झाली आणि स्क्रीनवर फोल्डर दिसले. तारीख, कॅमेरा, रोल, क्लिप. लॉगशीटवरून क्लिपचा क्रमांक काढला आणि फाइल कॉपीला लावली. टेप पुढे पळवून त्या जागेवर जायला मिनिटभर, मग ३८ जीबी उतरायला दोन मिनिटांच्या आसपास. शूटच्या रात्री कार्डावरून काढलेला हॅश, म्हणजे फाइलच्या आशयावरून निघणारा तपासणीचा आकडा, जवळ होता, तो ताडला. जुळला. ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग नीट करायच्या, मशीनवर क्लिप उघडली तेव्हा आजी दारात उभी होती, मागे कोणीतरी "साउंड" म्हणतानाचा आवाज होता. सव्वाअकराला मी परत फोन केला.

या ड्राइव्हबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, त्या रात्रीनंतर राहवलं नाही. मी सेटवर डीआयटीचं, म्हणजे कॅमेऱ्यातला डेटा सांभाळायचं, काम करते. कार्ड उतरवणं, प्रती ताडणं, डेलीज (त्या दिवसाचं शूट बघायच्या प्रती) बनवणं आणि शूट संपल्यावर सगळं साहित्य नीट बांधून ठेवणं. स्ट्रीमिंगसाठी बनणाऱ्या मालिकांचं हे शेवटचं काम सगळ्यात कमी बोललं जातं. पॅकअप झालं की माणसं पुढच्या प्रोजेक्टला निघतात आणि डेटा एकटा मागे राहतो.

माझ्याकडचा ड्राइव्ह अर्ध्या उंचीचा, बाहेर ठेवायच्या डब्यातला, एसएएस केबलने जोडायचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एलटीओची हीच तर बाजू आहे: मानक एकच आहे. एका कंपनीच्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर वाचता येते, आणि मी तसं करून पाहिलं आहे. एलटीओ-८, म्हणजे या मानकाची आठवी पिढी, २०१७ मध्ये आला. एका टेपवर १२ टीबी बसतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ३० टीबी छापलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. तो आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल हे धरून काढलेला आहे. ऑफिसच्या फाइली तशा दबत असतील, कॅमेऱ्यातून आलेला व्हिडिओ दबत नाही. खरं तर १२ मधलीही थोडी जागा टेपची अनुक्रमणिका घेते, म्हणून मी साडेअकराच्या वर हिशेब धरत नाही.

इतका डेटा येतो कुठून, हे मला निर्माते नेहमी विचारतात. उत्तर मानकांत आहे. नेटफ्लिक्सचे नियम उघड प्रसिद्ध आहेत आणि बाकीचेही बऱ्याचदा त्यांच्याकडे बघूनच चालतात. कॅमेऱ्याचा सेन्सर किमान ३८४० फोटोसाइट (प्रकाश टिपणारे बिंदू) रुंद हवा. रेकॉर्डिंग १० बिट लॉग किंवा १६ बिट लिनियर (उजेडाच्या छटा नोंदवायच्या दोन पद्धती) हवं. डेटा रेट २४ फ्रेमला निदान २४० मेगाबिट प्रति सेकंद हवा. कथापटात एकूण लांबीच्या ९० टक्के भाग मान्य कॅमेऱ्यांवरच चित्रित झालेला हवा. ही खालची पायरी झाली. २४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ३० एमबी, तासाला १०८ जीबी. प्रत्यक्षात कोणी खालच्या पायरीवर शूट करत नाही. रॉ, म्हणजे सेन्सरचा प्रक्रिया न केलेला डेटा, घेतलं की आकडा कितीतरी पटीने वाढतो, त्यात दोन कॅमेरे. आमच्या पहिल्या सीझनचं मूळ फुटेज ६१ टीबी झालं होतं.

आणि हे फक्त मूळ फुटेज. डिलिव्हरीनंतर जपायच्या गोष्टी निराळ्याच. ग्रेडिंगच्या आधीचा आर्काइव्हल मास्टर, म्हणजे कॉन्फॉर्म (एडिटप्रमाणे मूळ फुटेज जोडणं) आणि व्हीएफएक्स पूर्ण झालेली पण रंग न लावलेली प्रत. मग ग्रेड केलेला मास्टर. मग आयएमएफ पॅकेज, म्हणजे कंपनीला द्यायचा चित्र-ध्वनीचा अंतिम संच. यातला पहिला एसीईएस या सामायिक रंगपद्धतीत, १६ बिटच्या ओपन-ईएक्सआर फ्रेमच्या स्वरूपात मागतात. हिशेब करून बघा. ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, तीन चॅनेल, प्रत्येकी दोन बाइट: एक फ्रेम जवळपास ५० एमबीची. सेकंदाला अशा २४. तासाला ८६,४०० फाइली आणि न दाबता ४.३ टीबी. पाऊण-पाऊण तासाचे आठ भाग म्हणजे सहा तास, म्हणजे साधारण २६ टीबी. प्रत्येक गोष्टीच्या निदान दोन प्रती टेपवर. त्यामुळे माझ्या कपाटात एका सीझनच्या टेपा दोन आकड्यांत जातात, यात नवल नाही.

हे ईएक्सआरचं ओझं मला मात्र पटतं. कॅमेऱ्याचं रॉ उघडायला त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. आज आहे, पंधरा वर्षांनी असेल का कोण जाणे. ईएक्सआर खुलं आहे, २००३ पासून सगळ्यांच्या हातात आहे. एक फ्रेम, एक फाइल. एक बिघडली तर एकच जाते. सरकारी आणि विद्यापीठांचे संग्रह याच विचाराने एफएफव्ही१ आणि मात्रोस्का या खुल्या व्हिडिओ स्वरूपांकडे वळले. त्यांचीही वैशिष्ट्यं उघड लिहिलेली आहेत.

आता ड्राइव्हकडे. त्याचा आवाज मला पाठ झाला आहे. टेप अर्धा इंच रुंद आणि ९६० मीटर लांब असते. तिच्यावर एका वेळी ३२ पट्ट्या लिहिल्या जातात. टोकापर्यंत गेलं की टेप थांबते, दिशा बदलते आणि शेजारच्या जागेवर लिहीत परत येते. पूर्ण टेप भरायला असे २०८ फेरे होतात. अर्ध्या उंचीच्या ड्राइव्हचा वेग सेकंदाला ३०० एमबी, म्हणजे एक फेरा तीन मिनिटं आणि काही सेकंदांत. मी बाजूच्या टेबलावर डेलीज करत असते आणि दर तीन मिनिटांनी ती छोटी थांबणूक कानावर येते. सूं करत जाणं, क्षणभर शांतता, परत सूं. ती लय बिघडली की मान आपोआप वळते.

लय बिघडते ती बहुतेक वेळा ड्राइव्हमुळे नाही, त्याला डेटा पुरवणाऱ्या डिस्कमुळे. टेपला सतत डेटा मिळायला हवा. कमी मिळाला तर ड्राइव्ह आपला वेग कमी करून जुळवून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. त्याखाली गेलं की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते, पुन्हा थांबते. बूट पॉलिश करताना कापड मागे-पुढे जातं तशी. टेप झिजते, हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) झिजतं आणि रात्र वाया जाते. सुरुवातीला मी एका फिरत्या डिस्कवरून थेट लिहायचा प्रयत्न केला. डिस्क रिकामी असताना बरा वेग देते, भरत आली की आतल्या कडेला मंदावते, आणि त्यात छोट्या फाइली आल्या की संपलंच. तेव्हापासून नियम केला: आधी सगळं रेड (अनेक डिस्क जोडून केलेला साठा) किंवा एसएसडीवर आणायचं, मगच टेपला लावायचं. साउंडच्या नोट्स, थंबनेल, प्रोजेक्ट फाइली असलं बारीक-सारीक साहित्य न दाबता एका टार फाइलमध्ये बांधून टाकते. ईएक्सआर मात्र सुट्याच ठेवते. एक शॉट हवा असताना आख्खं गाठोडं सोडावं लागू नये म्हणून.

वेळेचा हिशेब खरेदीपूर्वीच करा. १२ टीबी ३०० एमबीच्या वेगाने लिहायला अकरा तास लागतात. पूर्ण उंचीचा ड्राइव्ह ३६० ने लिहितो, तरी सव्वानऊ तास. आणि हे अर्धंच काम झालं. टेप परत पहिल्यापासून वाचायची, प्रत्येक फाइलचा हॅश काढायचा आणि कार्डावरच्या हॅशशी ताडायचा. आणखी अकरा तास. माझ्या ओळखीत हा दुसरा अर्धा भाग गाळणारे कितीतरी जण आहेत. ड्राइव्ह लिहिता लिहिता स्वतःच तपासतो, असं ते सांगतात. खरं आहे, लिहिणाऱ्या हेडच्या मागेच वाचणारं हेड असतं आणि लिहिलेलं लगेच तपासलं जातं. पण ड्राइव्हकडे पोहोचण्याआधीच बिघडलेला बाइट त्याला कसा कळणार? त्याला जे दिलं ते त्याने इमानाने लिहिलं. परत वाचून ताडली नाही तोवर त्या टेपला मी प्रत म्हणत नाही आणि तिच्या जोरावर कुठलीही डिस्क पुसू देत नाही. यावरून माझे वाद झाले आहेत. पुढेही होतील.

हे मी अनुभवाने सांगते. दुसऱ्या सीझनच्या वेळी एका पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीने ग्रेडिंगआधीचा मास्टर एका डिस्कवर दिला, हॅशची यादी न देता. "सगळं आहे, बघून घ्या." फोल्डर होते, फाइलींची संख्या बरोबर होती. मी आपली यादी काढली, टेप लिहिली, परत वाचली, सगळं जुळलं. मग सवयीने प्रत्येक फ्रेमच्या आकाराची यादी लावली तेव्हा चौथ्या भागात सतरा फ्रेम शून्य बाइटच्या निघाल्या. नाव होतं, आत काहीच नव्हतं. रेंडर करताना त्यांची जागा संपली असावी. माझा हॅश त्या रिकाम्या फाइलींचाच होता, म्हणून इमानाने जुळला! हॅश कधी काढला यावर सगळं आहे. बिघाडानंतर काढला तर तो बिघाडाचीच राखण करतो. सुदैवाने त्यांच्याकडे प्रोजेक्ट अजून जिवंत होता, सतरा फ्रेम पुन्हा निघाल्या. मला दोन टेपा नव्याने लिहाव्या लागल्या.

म्हणून साखळी कॅमेऱ्याच्या कार्डापासून सुरू व्हायला हवी. एएससी एमएचएल नावाचं मानक याच कामासाठी आहे. फोल्डरबरोबर एक इतिहास चालतो: पहिली प्रत कधी झाली, कुठल्या हॅशने, पुढच्या माणसाने ती कधी ताडली, काय सापडलं. प्रत्येक हात बदलताना एक नवी पिढी जोडली जाते. हॅशसाठी मी एक्सएक्सहॅश वापरते. एमडी५ या जुन्या पद्धतीपेक्षा खूप वेगवान आहे आणि शूटच्या रात्री वेगच वाचवतो. आता मी डिलिव्हरी घेतानाच हा इतिहास मागते. नसेल तर डिस्क घेते, पण पोचपावतीवर तसं लिहून देते.

टेपवर फाइली ठेवायची पद्धत म्हणजे एलटीएफएस. ही २०१० मध्ये एलटीओ-५ बरोबर आली आणि पुढे आयएसओचं मानक झाली. त्याआधी टेपवरचं वाचायला ज्या सॉफ्टवेअरने लिहिलं तेच लागायचं. आता टेपचे दोन भाग होतात, एका छोट्या भागात अनुक्रमणिका, उरलेल्या मोठ्या भागात डेटा. टेप लावली की डिस्कसारखी दिसते. वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माझ्या दृष्टीने या ड्राइव्हमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. दहा वर्षांनी मी या धंद्यात नसले तरी माझ्या टेपा कोणालाही उघडता येतील.

पण दिसते डिस्कसारखी म्हणून डिस्कसारखी वागवू नका. फाइल पुसली तरी जागा परत मिळत नाही, फक्त अनुक्रमणिकेतून नाव जातं. दोन फाइली एकदम उघडल्या तर टेप बिचारी इकडून तिकडे पळत बसते. आणि अनुक्रमणिका लिहून होण्याआधी वीज गेली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. नवीन मुलाने एक्स्टेन्शनची पिन काढली, ड्राइव्ह मधेच बंद पडला. पुन्हा लावल्यावर टेप माउंटच होईना. छातीत धस्स झालं. एलटीएफएसबरोबर दुरुस्तीची एक आज्ञा येते, ती चालवली. दीड तास टेप पुढे-मागे गेली आणि शेवटच्या नोंदवलेल्या अनुक्रमणिकेपर्यंतचं सगळं परत आलं. त्यानंतरच्या मोजक्या क्लिप पुन्हा लिहिल्या. तेव्हापासून ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही यूपीएसवर आहेत आणि त्या पिनेवर लाल टेप चिकटवली आहे.

एक अडचण खास आपल्या भाषेतली आहे आणि ती मला कुठल्याच पुस्तिकेत सापडली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. साउंडच्या एका मुलाने फोल्डरला मराठीत नाव दिलं होतं: "तिसऱ्या दिवसाचा आवाज". टेप वाचून ताडताना माझी स्क्रिप्ट (याद्या ताडणारा छोटा प्रोग्रॅम) म्हणाली, २१४ फाइली गायब. टेपवर बघते तर फोल्डर समोर दिसतोय, आत फाइली आहेत, वाजतातही. रात्रीचे दोन वाजले होते आणि डोळ्यांना दोन नावांत काडीचाही फरक दिसत नव्हता. शेवटी नावातले बाइट सुटे करून पाहिले. गोची त्या "ऱ" मध्ये होती. "तिसऱ्या" मधला तो ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच जोडलेलं अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. शूटची डिस्क मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीची होती. ती नावं सुटी करून ठेवते. एलटीएफएसच्या मानकात नावं जोडलेल्या रूपात ठेवायची असतात. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर. माझी स्क्रिप्ट दोन याद्या अक्षर-अक्षर ताडत होती, तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं होती.

डेटा शाबूत होता, एक बाइट हलला नव्हता. स्क्रिप्ट सुधारली, दोन्ही नावं आधी एका रूपात आणते आणि मग ताडते. पण प्रत्येकाची स्क्रिप्ट अशी नसते आणि दहा वर्षांनी कोण कुठल्या मशीनवर ती टेप लावेल सांगता येत नाही. म्हणून आता पहिल्याच दिवशी सगळ्या विभागांना सांगते: फोल्डरचं नाव रोमन अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढ्यातच. मोकळी जागा नको, कोलन तर अजिबात नको. मला स्वतःला मराठी नावं आवडतात, म्हणून हे सांगताना वाईट वाटतं. मराठी वर्णन मी लॉगशीटमध्ये लिहिते, भरपूर लिहिते. "आजी, दार, टेक ३, घाबरलेली" अशी नोंद होती म्हणूनच तो टेक त्या रात्री सापडला.

टेपची निगा फार अवघड नाही, पण हलगर्जी चालत नाही. १६ ते २५ अंश तापमान, २० ते ५० टक्के आर्द्रता, उभी ठेवायची, डब्यात. थंडीतून किंवा उन्हातून आली तर एक दिवस खोलीत राहू द्यायची, मगच ड्राइव्हमध्ये. पडली तर लगेच लावायची नाही. टेपच्या टोकाला एक छोटी धातूची पिन असते, ड्राइव्ह तिला पकडून टेप ओढतो. ती जागेवरून सरकली असेल तर टेपही जाते आणि ड्राइव्हही. कानाशी धरून हलकेच हलवा. आत खडखड झाली तर लावू नका. बाजूचं झाकण सरकवून पिन दिसते का तेही पाहता येतं. लिहून ताडून झालं की लाल खटका सरकवून लिखाण बंद करायचं, हे मी टेप बाहेर आल्या आल्या करते. साफसफाईची टेप ड्राइव्हने मागितली की द्यायची. ती साधारण पन्नास वेळा चालते.

टेपचं आयुष्य ३० वर्षं सांगतात. मला टेपच्या आयुष्याची काळजी वाटत नाही, ड्राइव्हच्या पिढ्यांची वाटते. ही या उत्पादनावरची माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. पूर्वी ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचा. एलटीओ-७ वर एलटीओ-५ ची टेप चालते. एलटीओ-८ मध्ये हेडचं तंत्र बदललं आणि तो फक्त ७ आणि ८ वाचतो. माझ्या जुन्या कामांच्या नऊ टेपा एलटीओ-६ च्या आहेत. नवा ड्राइव्ह आला त्या दिवशी त्या त्याच्यासाठी मुक्या झाल्या. एलटीओ-९, २०२१ चा, १८ टीबीचा, फक्त ८ आणि ९ वाचतो. २०२५ मध्ये एलटीओ-१० आला तो मागची एकही पिढी वाचत नाही. ज्या गोष्टीचं नाव आर्काइव्ह आहे तिने असं वागू नये असं मला मनापासून वाटतं. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की टेप लिहिली त्याच दिवशी ती कधी हलवायची याची तारीखही लिहायची. मी सात वर्षं धरते.

एका गोष्टीपासून सावध राहा. एलटीओ-७ ची कोरी टेप एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये खास प्रकारे फॉरमॅट करून ९ टीबीची करता येते, तिला टाइप एम म्हणतात. २०१९ मध्ये फूजीफिल्म आणि सोनी यांच्या पेटंटच्या भांडणात एलटीओ-८ च्या टेपा मिळेनाशा झाल्या होत्या. जगात टेप बनवणारे हे दोघंच, तेव्हा अनेकांनी हा मार्ग धरला. पण टाइप एमची टेप एलटीओ-९ वाचत नाही. तुमच्याकडे किंवा वारशाने आलेल्या कपाटात अशी टेप असेल तर एलटीओ-८ ड्राइव्ह चालू आहे तोवर ती हलवून घ्या.

मग टेप सोडून दुसरं काही का नाही? साधी हार्ड डिस्क कपाटात ठेवून चार-पाच वर्षांनी लावली तर फिरेल याची खात्री नाही. माझ्या दोन फिरल्या नाहीत. एसएसडी विजेशिवाय ठेवायची वस्तूच नाही, तिच्यातला चार्ज हळूहळू ओसरतो. क्लाउड चांगला आहे, मी तिसरी प्रत तिथेच ठेवते, कारण एक प्रत वेगळ्या ठिकाणी असायलाच हवी. पण थंड साठ्यातून (क्लाउडमधला क्वचित उघडायचा साठा) ६१ टीबी परत आणायला तास नाही, दिवस लागतात, आणणावळ वेगळी, आणि वर्गणी थांबली की साठा गेला. टेपेला कपाटात पडून राहायला कोणाची वर्गणी लागत नाही. ती कुठल्याही नेटवर्कला जोडलेली नसते, त्यामुळे कुठलाही व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. स्ट्रीमिंग कंपन्या सुरक्षेबद्दल फार काटेकोर असतात, तिथे हा मुद्दा कामी येतो. ड्राइव्हमध्ये एन्क्रिप्शनची सोय आहे. वापरणार असाल तर किल्ली टेपपासून वेगळी आणि दोन माणसांकडे ठेवा. किल्ली हरवली तर टेप आतून कोरीच समजा.

वर्षाला एखादी जाहिरात किंवा लघुपट करणाऱ्याने हा ड्राइव्ह घेऊ नये असं माझं मत आहे. भाड्याने घ्या किंवा टेप लिहून देणाऱ्याकडून लिहून घ्या, मात्र हॅशची यादी हातात आल्याशिवाय काम पूर्ण मानू नका. वर्षाला एक मालिका करणाऱ्या कोणाकडेही तो असायला हवा. आज नवा घेणाऱ्याला मी एलटीओ-९ सुचवेन. त्याच्या कोऱ्या टेपा पहिल्यांदा लावल्यावर स्वतःची मोजणी करून घेतात, त्यात पाऊण तास ते दोन तास जातात. ते शूटच्या दिवशी कळू नये, आधीच सगळ्या टेपा एकदा लावून काढा. माझ्याकडच्या ८ च्या टेपा त्यावर चालतील, म्हणून पुढची उडी मी तिथेच मारणार आहे, १० वर नाही.

सध्या मी एलटीओ-७ चा एक ड्राइव्ह महिनाभरासाठी मागून आणला आहे. शेजारी शेजारी दोन ड्राइव्ह चालू आहेत, एक माझ्या जुन्या एलटीओ-६ च्या टेपा वाचतो, दुसरा ८ वर लिहितो. नवापैकी चार झाल्या. पाचवीत माझ्या पहिल्या कामाचं फुटेज आहे. त्या वेळी हॅश काढायची पद्धत मला माहीत नव्हती, त्यामुळे ताडायला काही नाही. प्रत्येक क्लिप उघडून शेवटच्या फ्रेमपर्यंत डोळ्यांनी बघते आहे. आज सकाळपर्यंत ३१२ पैकी १४० पाहून झाल्या, सगळ्या उघडल्या.